एका दिवसांत दोन शहरें

उन्हाळ्याच्या सुटींत युरोपची वारी करून येणें ही गोष्ट आमच्या सुशिक्षित वर्गांत आतां अपूर्वाईची राहिली नाहीं, आणि त्याचें आम्हांस वाईटहि वाटत नाहीं. ज्यास ऐपत आहे त्यानें जरूर जावें. परंतु एवढा पैसा व एवढे श्रम खर्चून तो घरीं काय घेऊन येतो, हें कोणी विचारीत नाहीं, म्हणून आम्हीं तें विचारावयाचें योजिलें आहे. आमचा अधिकार इतकाच कीं, पोर्तुगालमध्यें पोर्तो येथें असतां ‘एका दिवसांत दोन ऐतिहासिक शहरें, गाइड व जेवणासह’ या जाहिरातीस आम्हीहि भुललों.

शहरें गिमाराइंश आणि ब्रागा. सकाळीं नऊस बस निघाली व सायंकाळीं सहास परत आली. जेवणास दीड तास लागला, किल्ल्यास पंचवीस मिनिटें. आम्हीं घड्याळ पाहून हिशेब ठेविला होता. जेवण चांगलें होतें.

गिमाराइंशच्या जुन्या तटावर ‘पोर्तुगाल येथें जन्मलें’ अशा अर्थाचीं ठळक अक्षरें आहेत. पहिला राजा अफोन्सो हेन्रीक्स याचा जन्म येथलाच, असें गाइडनें सांगितलें, आणि किल्ल्याजवळच्या सां मिगेलच्या लहानशा देवळांतील दगडी कुंड दाखवून त्याचा बाप्तिस्मा याच कुंडांत झाला, असेंहि बजाविलें. आतां तें देऊळ तेराव्या शतकांतलें मानतात, आणि राजा तर ११८५ सालींच वारला. त्याच्या जन्मस्थानाचा मान व्हिझेउ या शहरासाठींहि मागितला जातो. दंतकथेचें आम्हांस वावडें नाहीं. ती दंतकथा म्हणून सांगावी, इतकेंच. उलट ११२८ ची सां मामेदेची लढाई, जींत या अफोन्सोनें प्रत्यक्ष आईच्या पक्षाचा पराभव केला व जिच्या बळावर हें गांव राष्ट्राचें जन्मस्थान म्हणवितें, ती एका वाक्यांत आटोपली.

किल्ल्याखालीं ब्रागान्साच्या ड्यूकांचा वाडा आहे. ‘पंधराव्या शतकांतला,’ असें म्हणून गाइड पुढें सरकला. राजा पहिला जुआंव याचा अनौरस पुत्र आणि ब्रागान्साचा पहिला ड्यूक, याचेंहि नांव अफोन्सोच, यानें तो त्या शतकांत बांधविला हें खरें. पण पुढें वाडा ओसाड पडला, एके काळीं त्यांत सैन्याची बराक होती, आणि आज जीं उंच छपरें व विटांच्या धुराड्यांची जी रांग पाहून सारे जण फोटो काढतात, त्यांतलें पुष्कळसें काम १९३७ ते १९५९ च्या दरम्यान, सालाझारच्या राजवटींत झालेलें आहे. राष्ट्राच्या पाळण्याशेजारीं असा भव्य वाडा असावा, असें एका हुकूमशहास कां वाटलें असेल? त्या वाड्यांतला सर्वांत मनोवेधक प्रश्न हाच, आणि तो तेथें कोणी काढलाच नाहीं.

बसमध्यें मुंबईचीं दोन कुटुंबें होतीं. याच ब्रागान्सा घराण्यांतील कॅथरिन हिच्या इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशीं विवाहाचा तह १६६१ सालीं झाला आणि मुंबई बेट आंदणांत गेलें. १६६८ सालीं चार्ल्सनें तें सालिना दहा पौंडांवर कंपनीस देऊन टाकलें. मुलें हें शाळेंत घोकतात. ज्या घराण्यानें आपलें गांव आंदण दिलें त्याच्या मूळपुरुषाच्या दिवाणखान्यांत आपण उभे आहों, हें मात्र त्या मुलांस कोणी सांगितलें नाहीं.

ब्रागा तर गोमंतकाशीं नातें असलेल्या मराठी माणसास अधिकच जवळचें. फार जुन्या वस्तूस ‘ब्रागाच्या सेहून जुनी’ म्हणण्याची पोर्तुगीजांत रीत आहे. ‘से’ म्हणजे आर्चबिशपचें मुख्य मंदिर. त्या गादीवर १६१२ सालीं आलेला आलेइशु द मेनेझिश हा त्यापूर्वीं गोव्याचा आर्चबिशप होता. १५९९ सालीं केरळांत उदयंपेरूर येथें परिषद भरवून सुरियानी ख्रिस्त्यांचे जुने ग्रंथ अग्नीस देण्याचा हुकूम काढणारा तो हाच. पुढें कांहीं काळ गोव्याचा गव्हर्नरहि हाच. आणि जुन्या गोव्यांतील बॉम जेजू मंदिराचें १६०५ सालीं पवित्रीकरण करणाराहि हाच. ब्रागाबाहेरच्या टेकडीवर दुसरें एक बॉम जेजू आहे. तेथें आमचा सर्वांत अधिक वेळ गेला, आणि खरें सांगावयाचें तर मजेंत गेला. १८८२ सालीं सुरू झालेली तेथली रुळांवरची गाडी केवळ पाण्याच्या भारावर चालते: वरच्या डब्याच्या टाकींत पाणी भरावें, तो जड होऊन उतरूं लागला कीं खालचा आपोआप वर ओढला जातो. गाइडनें हें फार छान समजाविलें. दोन मंदिरांच्या नांवांतील साम्य हा योगायोग, त्यावर आम्ही इमला उभारीत नाहीं; पण सेच्या दारांत उभे असतां मेनेझिशचें नांवहि निघूं नये?

‘इतका वेळ कोणास आहे?’ असें कोणी म्हणेल. पोर्तोच्या सां बेंतो स्टेशनांतून या दोन्ही शहरांस आगगाडी जाते व तासा-सव्वातासांत पोंचविते. दिवस एकाच शहरास द्यावा. दुसरें राहिलें तर राहूं द्यावें. आमची बस निघाली ती याच स्टेशनासमोरून. त्याच्या दालनाच्या भिंतींवर जोर्ज कोलासो याच्या सुमारें वीस हजार फरशा आहेत. त्यांतील एका चित्रांत १४१५ सालचा सेउताचा विजय आहे. पोर्तुगीजांच्या समुद्रापलीकडील राज्याचा प्रारंभ तेथून होतो, आणि पुढें गिमाराइंशचा वाडा बांधणारा अफोन्सो त्या स्वारींत होता. आम्हांस कोणी आंत नेलें नाहीं. हजेरी घेऊन बसमध्यें बसविलें.

‘गाइडला बिचाऱ्याला गोवा-मुंबईचें काय?’ हा दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. तो तरुण हुषार होता, मनमिळाऊ होता. रोज नव्या देशांची माणसें त्याच्यापुढें येतात. प्रत्येकाच्या गांवची वंशावळ त्यानें कोठून पाठ करावी? ही शिदोरी घरूनच बांधून न्यावयाची. आम्ही विमानाचीं तिकिटें सहा महिने आधीं काढतों, लोणचीं-चटण्या बरोबर घेतों, आणि १५१० पासून १९६१ पर्यंत ज्यांनीं गोव्यावर राज्य केलें त्यांच्याविषयीं एक पुस्तक उघडून पाहत नाहीं. मग मोटारवाला जेथें उतरवील तेथें उतरावयाचें आणि जेथें बोट दाखवील तेथें पाहावयाचें! तीस वर्षें विद्यार्थ्यांकडून ‘मुंबईचें आंदण’ ही टीप लिहवून घेणारे आम्ही या दोषांतून सुटलों, असें कोणी समजूं नये.

परततांना ब्रागाच्या चौकांत गाइडनें मोकळेपणानें विचारलें, ‘कोणास कांहीं विचारावयाचें आहे?’ एका गृहस्थानें बुचाच्या सालीच्या पिशव्या कोठें स्वस्त मिळतात तें विचारलें. मेनेझिशचें नांव आमच्या ओठांवर आलें होतें. पण बस सुटावयास चारच मिनिटें उरलीं होतीं, आणि आम्हांस खिडकीजवळची जागा हवी होती.