तास भरले, पण शिकणं झालं का?

'मॅडम, मुलीची प्लेसमेंट सुरू झाली ना? मग पगार किती मिळणार?' दरवर्षी कुणीतरी पालक हा प्रश्न विचारतातच. पालकहो, व्यवसायोपचाराच्या म्हणजेच ऑक्युपेशनल थेरपीच्या अभ्यासक्रमात प्लेसमेंट म्हणजे नोकरी नव्हे. रुग्णालयात, विशेष शाळेत, मानसिक आरोग्य केंद्रात अनुभवी थेरपिस्टच्या हाताखाली प्रत्यक्ष काम करत शिकायचं, ती प्लेसमेंट. आपल्याकडे हे शिक्षण सुरू झालं तेच रुग्णालयात. १९५० मध्ये कमला निंबकर यांनी मुंबईच्या के.ई.एम.मध्ये देशातली पहिली व्यवसायोपचार शाळा काढली. जागतिक महासंघाच्या निकषानुसार पदवी मिळेपर्यंत असे किमान १००० तास व्हावे लागतात.

तास भरतात हो. लॉगबुकवर सह्याही होतात. पण शिकणं होतं का?

एक प्रसंग सांगते. अर्धांगवायूनंतर उजवा हात कमजोर झालेल्या एक आजी आमच्याकडे येत. विद्यार्थिनी त्यांच्याकडून रोज शंकू उचलून ठेवणं, खुंट्या बसवणं करून घ्यायची. आजी वैतागल्या, 'पोरी, हा काय पोरखेळ? उद्यापासून नाही येत मी.' विद्यार्थिनी माझ्याकडे आली. 'मॅडम, पेशंट कोऑपरेट करत नाही.'

उत्तर माझ्या जिभेवर होतं. ते गिळलं आणि विचारलं, 'आजी घरी दिवसभर काय करायच्या गं?'

तिला माहीत नव्हतं. तिच्या कागदावर स्नायूंची ताकद होती, सांध्यांची हालचाल होती. आजी मात्र कुठेच नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. 'भाकरी!' आजी म्हणाल्या. मग परात आली, पीठ आलं. परात सरकायला लागली, तेव्हा खाली ओलं फडकं घालायचं तिचं तिलाच सुचलं. पीठ मळताना पकड, खांदा, बसण्याचा तोल, सगळ्याचाच व्यायाम होतोय हेही तिच्या लक्षात आलं. थापताना भाकरी फाटली. पण आजी दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर!

मी सरळ 'पीठ मळायला दे' म्हटलं असतं, तर दोन मिनिटांत काम झालं असतं. मग पुढच्या सुताराला, शिंप्यालाही तिने पीठच मळायला दिलं असतं. खरं सांगायचं तर, ओपीडीत गर्दी असली की मीही अनेकदा आयतं उत्तर देऊन मोकळी होते. पण उद्या हीच मुलगी एखाद्या तालुक्याच्या गावी एकटी काम करेल. तिथे विचारायला कोण असणार?

म्हणून सहकाऱ्यांना विनंती आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक तरी रुग्ण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत सांभाळू द्या. सुरक्षिततेवर लक्ष आपण ठेवू, विचार त्याला करू द्या. आणि रोज दहा मिनिटं त्याच्याशी बोला, सांगण्याआधी विचारा.

पालकांनीही संध्याकाळी 'आज किती पेशंट पाहिलेस?' असं विचारण्याऐवजी 'आज कोणाला काय विचारलंस?' असं विचारून बघावं. उत्तर आलं, तर समजा, शिकणं चालू आहे.