ऱ्हाइनमध्ये परतलेला चतुर

युरोपातील ‘रिव्हर क्लबटेल’ हा चतुर आज आययूसीएनच्या लाल यादीत सर्वात कमी चिंतेच्या वर्गात आहे. तरीही युरोपीय संघाने १९९२च्या अधिवास निर्देशानुसार त्याला दिलेले कडक संरक्षण काढू नये, असे माझे ठाम मत आहे. नेदरलँड्समध्ये हा चतुर १९०२ नंतर दिसेनासा झाला, तो थेट १९९६ मध्ये पुन्हा सापडला. शेपटीचे टोक फुगीर असलेला हा प्रौढ कीटक उडतो काही आठवडेच; त्याआधीची दोन-तीन वर्षे त्याची अळी संथ पाण्याखालच्या वाळूत, गाळात स्वतःला पुरून घेऊन काढते. कारखान्यांच्या सांडपाण्याचे विष साचते तेही याच गाळात. १ नोव्हेंबर १९८६ रोजी बाझेलजवळ सँडोझच्या गोदामाला आग लागली, कीटकनाशके ऱ्हाइनमध्ये वाहून गेली आणि लोक हादरले. पुढच्याच वर्षी काठच्या देशांनी नदी सुधारण्याचा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला. चतुर परतला तो त्यानंतर.

हवामान उबदार झाल्यामुळेच तो परतला, असा एक आक्षेप आहे. उष्णतेचा हातभार लागला असेलही, पण पाणी कोमट झाले म्हणून विषारी गाळात अळी जगत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: २०२१ मध्ये जगातील ६,०१६ प्रजातींच्या चतुर-टाचण्यांचे मूल्यमापन पूर्ण झाले आणि त्यातील १६ टक्के धोक्यात आढळल्या; मग पैसा त्यांच्यावर का खर्चू नये? जरूर खर्चावा. मात्र या चतुराचे रक्षण म्हणजे नदीचा तळ स्वच्छ आणि काठ वाळूचा राखणे. त्याचा लाभ त्या तळातल्या प्रत्येक जिवाला होतो. शिवाय धोका टळलेला नाही. अळी काठावर येऊन कात टाकते, तेव्हा मऊ पंखांचा चतुर काही काळ हलूही शकत नाही आणि मालवाहू जहाजांच्या लाटा त्याला ओढून नेतात. काठाला दगडी बांध घातला, तर ती जागाही उरत नाही.

महाराष्ट्रातील नद्यांतही याच कुळातले चतुर आहेत आणि त्यांच्याही अळ्या तळातच वाढतात. काठावर सापडणाऱ्या कातींवरून तिथे कोणते चतुर वाढतात, हे जाणकारांना ओळखता येते. वाळू उपशाचा परवाना देण्याआधी अशी पाहणी सक्तीची करावी.