संगणकातील दप्तराची दुसरी प्रत : वैद्यवर्गाचे एक दुर्लक्षित कर्तव्य

नीरा-बारामती रस्त्यावरील वडगाव निंबाळकर परिसरातील एखाद्या दवाखान्यात अथवा औषधी दुकानात जाऊन "आपल्याकडे बॅकअप आहे का?" असे विचारले, तर बहुधा तत्काळ उत्तर येते, "आहे की, चार तासांचा!" आमच्या भागात बॅकअप म्हणजे इन्व्हर्टर. भारनियमनाच्या दीर्घ वर्षांनी हा शब्द विजेशी असा जखडून टाकला की, त्याचा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा अर्थ आमच्या व्यवसायात रुजलाच नाही. वीज गेली तर ती काही तासांनी परत येते. रुग्णांच्या नोंदी गेल्या तर त्या परत येत नाहीत. संगणकातील दप्तराची दुसरी प्रत जतन करणे या अर्थाने बॅकअपचा विचार वैद्यवर्गाने व औषधनिर्माते बंधू-भगिनींनी गांभीर्याने करावा, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम आमच्या प्रमादाची कबुली देणे उचित ठरेल. केसपेपर लिहिणे सोडून आम्ही सर्व नोंदी संगणकावर घेऊ लागलो, त्यास बरीच वर्षे झाली. रोज सायंकाळी त्या नोंदींची प्रत 'डी ड्राइव्ह'मध्ये ठेवण्याचा आमचा नियम होता आणि त्याचा आम्हांस अभिमानही होता. 'सी' आणि 'डी' हे एकाच हार्ड डिस्कचे दोन कप्पे असतात, एवढी साधी गोष्ट मात्र आम्ही कधी विचारात घेतली नाही. एका उन्हाळ्यात विजेचा दाब अकस्मात वाढला, हार्ड डिस्क निकामी झाली आणि मूळ नोंदी व त्यांची प्रत एकाच क्षणी नष्ट झाल्या. पुण्यास धाडून बराच खर्च केला, तेव्हा अर्धवट मोडक्या फाइली तेवढ्या हाती आल्या.

त्या हानीचा खरा अर्थ पुढील गाळप हंगामात उमगला. या परिसरात कारखाने सुरू झाले की, मराठवाड्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात आणि हंगाम संपताच परततात. त्यांच्यापैकी एक रुग्ण शुष्कार्शाची तक्रार घेऊन आला. आदल्या हंगामातही तो आला होता, एवढे चेहऱ्यावरून आठवले. परंतु त्यास काय दिले होते हे आठवेना. लक्षणे पाहून आम्ही भल्लातकाचा कल्प लिहावयास घेतला. तोच त्याची पत्नी म्हणाली, "मागल्या साली अंगावर उठलं हुतं, तेच तर न्हाई ना हे, डाक्टर?" आमचा हात थांबला. आदल्या वर्षी भल्लातकाने त्याच्या सर्वांगावर पुरळ व मुखावर शोथ आला होता आणि 'भल्लातक वर्ज्य' अशी नोंद आम्हीच केली होती. ती नोंद हार्ड डिस्कबरोबर गेली होती. त्या माउलीच्या स्मरणशक्तीने रुग्णास वाचविले, आमच्या दप्तराने नव्हे. तेव्हापासून हा विषय आम्ही संगणकाचा मानीत नाही, चिकित्सेचा मानतो.

आपल्या शास्त्राने तर ही वेदना फार मोठ्या प्रमाणावर भोगली आहे. आत्रेय पुनर्वसूंचे सहा शिष्य : अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत आणि क्षारपाणि. सहाही जणांनी आपापली तंत्रे रचली, असे परंपरा सांगते. अग्निवेशतंत्र चरकाच्या प्रतिसंस्कारामुळे टिकले. भेलसंहिता तंजावरच्या ग्रंथसंग्रहातील हस्तलिखितामुळे, तीही खंडित रूपात, आपल्यापर्यंत पोहोचली. इतरांची तंत्रे बव्हंशी टीकाकारांनी घेतलेल्या उताऱ्यांतूनच जाणून घ्यावी लागतात. खुद्द चरकसंहितेच्या 120 अध्यायांपैकी 41 अध्याय दृढबलाच्या काळी उपलब्ध नव्हते : चिकित्सास्थानाचे 17, तसेच कल्पस्थान व सिद्धिस्थान यांचे प्रत्येकी 12. एक तृतीयांशाहून अधिक ग्रंथ! दृढबलाने अन्य तंत्रांतून वेचून वेचून तो भाग पूर्ण केला, म्हणून आज आपण पंचकर्माचे सिद्धिस्थान वाचू शकतो. परंतु मूळ शब्द कोणते होते, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. ज्या ग्रंथाच्या प्रती अनेक ठिकाणी होत्या तो वाचला, ज्याच्या नव्हत्या तो गेला. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत बुडविल्यानंतर त्या तरल्या, ही भाविकांची श्रद्धा. ते अभंग लोकांच्या कंठात व टाळकऱ्यांच्या वह्यांतही होते, असे अभ्यासक सांगतात. दोहोंतून व्यवहाराचा बोध एकच निघतो : जे एकाच ठिकाणी असते, ते असुरक्षित असते.

आता निदानाकडे वळू. संगणकातील माहिती नष्ट होण्याचे हेतू आमच्या मते चार आहेत. पहिला, यंत्राची झीज : हार्ड डिस्क हे फिरणारे यंत्र आहे आणि ते केव्हातरी थांबणारच, एसएसडीत फिरणारा भाग नसला तरी ती पूर्वसूचना न देता बंद पडू शकते. दुसरा, मनुष्याचा प्रमाद : चुकीची फाइल पुसणे अथवा जुनी फाइल नवीनवर चढविणे. तिसरा, आगंतुक आपत्ती : आग, चोरी, पाणी. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा पुण्याच्या नदीकाठच्या पेठांत घरे, दुकाने व त्यांतील वह्या एकत्रच गेल्या. आमच्याकडे सप्टेंबर 2019 मध्ये कऱ्हेला पूर आला आणि मे 2025 मध्ये अवकाळी पावसात बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा फुटला. मूळ संगणक व त्याची प्रत एकाच कपाटात असेल, तर पाणी दोघांत भेद करीत नाही. चौथा हेतू खंडणीखोर व्हायरसचा. तो सर्व फाइलींना कुलूप घालतो आणि किल्लीसाठी पैसे मागतो. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेवर असा आघात झाला आणि अनेक दिवस बाह्यरुग्ण विभागापासून प्रयोगशाळेपर्यंतचे काम हाताने लिहून चालवावे लागले. तेथे तज्ज्ञांची फळी होती. आपल्याकडे फार तर तालुक्याच्या गावाहून आठवड्यातून एकदा येणारा एखादा होतकरू तरुण असतो.

यानंतर काही भ्रमांचे निराकरण आवश्यक आहे. पेन ड्राइव्ह हे वाहन आहे, कोठार नव्हे. ती हरवते, वाकते आणि गावभर फिरून व्हायरस घेऊन येते. पूर्वी आपण सीडीवर प्रती काढल्या. त्यांतील कित्येक आज वाचता येत नाहीत आणि नव्या लॅपटॉपला सीडी घालण्याची जागाही नसते. म्हणून कोणतेही माध्यम कायमचे न मानता काही वर्षांनी माहिती नव्या माध्यमावर उतरवावी. दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी 'रेड' पद्धती एक डिस्क बिघडली तर काम चालू ठेवते. परंतु पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते.

सर्वांत मोठा भ्रम क्लाउडविषयी आहे. "आमचे सगळे गूगल ड्राइव्हवर आहे," असे अनेक तरुण वैद्य सांगतात. संगणकातील फोल्डर क्लाउडशी जुळवून ठेवणे, म्हणजेच सिंक, हे आरशासारखे असते. आपल्या चेहऱ्यावर डाग पडला की, आरशातही तो दिसतो. फाइल इकडे पुसली की तिकडेही पुसली जाते, आणि तिकडच्या कचरापेटीत ती साधारण 30 दिवसच राहते. तीन महिन्यांनी लक्षात आलेली चूक तेथून दुरुस्त होत नाही. शिवाय विनामूल्य मिळणारी 15 जीबी जागा ईमेल व छायाचित्रे यांच्यातही वाटली जाते. क्लाउड निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. गावाबाहेरची एक प्रत म्हणून ते उत्तमच. फक्त ती एकमेव प्रत नसावी.

मग योग्य योजना कोणती? जगभर 'तीन-दोन-एक' हा नियम मान्य आहे : माहितीच्या एकूण तीन प्रती, त्या दोन प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक अन्य वास्तूत. लहान दवाखान्यासाठी आम्ही त्याची मात्रा अशी सुचवितो. दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात आणि त्यांवर 'अ' व 'ब' अशी अक्षरे लिहावीत. रोज दवाखाना बंद करताना 'अ' जोडावी, प्रत घ्यावी आणि डिस्क काढून ठेवावी. काढून ठेवणे हे विसरू नये. सतत जोडलेली डिस्क व्हायरसला तितकीच सुलभ असते. दर शनिवारी 'अ' घरी न्यावी आणि घरची 'ब' दवाखान्यात आणावी. तिसरी प्रत क्लाउडवर ठेवावी. विंडोजमधील 'फाइल हिस्टरी' अथवा मॅकमधील 'टाइम मशीन' या सोयी आपोआप प्रती घेतात आणि फाइलीची जुनी रूपेही जपतात. त्यासाठी वेगळा खर्च नाही. टॅली किंवा दवाखान्याचे सॉफ्टवेअर यांची माहिती मात्र त्या त्या सॉफ्टवेअरमधील बॅकअपच्या आज्ञेनेच घ्यावी. चालू असलेल्या डेटाबेसची फाइल नुसती उचलून ठेवली तर ती पुढे उघडेलच, याची शाश्वती नसते. यूपीएस अवश्य असावा, कारण लिहीत असताना वीज गेली तर फाइल बिघडते. परंतु तो संगणक नीट बंद करण्याचा अवधी देतो, एवढेच त्याचे कार्य.

काय जपावे, याचाही क्रम असावा. वैद्यांसाठी प्रथम रुग्णांच्या नोंदी, विशेषतः असात्म्यतेच्या आणि रसौषधींच्या मात्रा व कालावधीच्या. औषधनिर्मात्यांसाठी बॅचच्या नोंदी : कोणत्या बॅचमध्ये कोणता कच्चा माल, कोठून व केव्हा आला, परीक्षण काय झाले. 2000 साली परिशिष्ट 'टी' लागू झाल्यापासून या नोंदी उत्तम निर्मितीपद्धतीचे अंगच आहेत. एखाद्या बॅचविषयी तक्रार आली तर तेवढीच परत बोलवावी की सर्वच माल मागे घ्यावा, हे या नोंदींवरून ठरते. त्यानंतर हिशेब, नोंदणीकृत व्यापाऱ्याने जीएसटीचे दप्तर वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपणे कायद्याने बंधनकारक आहे. आणि मराठी लेखन करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी : युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेले जुने लेख व योगसंग्रह युनिकोडमध्ये उतरवून घ्यावेत. फाइल सुरक्षित, परंतु फाँट गेल्यामुळे पडद्यावर केवळ अगम्य चिन्हे, ही अवस्थाही नाशाचीच आहे.

प्रती वाढल्या की गोपनीयतेचा धोकाही वाढतो, हे विसरून चालणार नाही. रुग्णाने विश्वासाने सांगितलेली व्याधी एखाद्या हरवलेल्या डिस्कमधून गावात पसरली, तर तो अपराध आपलाच. 2023 मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर 2025 मध्ये त्याचे नियमही अधिसूचित झाले. परंतु वैद्यास गुप्ततेचे भान येण्यास कायद्याची वाट पाहावी लागू नये. बाह्य डिस्क सांकेतिक कुलूप घालूनच वापरावी आणि तो पासवर्ड कागदावर लिहून मोहोरबंद पाकिटात घरातील विश्वासू व्यक्तीकडे ठेवावा. आपल्या पश्चात कुलूप उघडणारे कोणी नसेल, तर जपलेले दप्तरही गेल्यातच जमा.

"आम्ही वही वापरतो, आम्हांस याची गरज नाही," असे काही ज्येष्ठ म्हणतील. त्यांच्या वहीविषयी आम्हांस आदर आहे; वर कथिलेल्या प्रसंगी वही असती तर आमची लाज राखली गेली असती. परंतु वाळवी, ओल आणि पूर यांना वहीही अपवाद नाही. महत्त्वाच्या पानांची छायाचित्रे घेऊन ठेवली तर वहीचीही दुसरी प्रत होते. खर्चाचा आक्षेप मात्र आम्ही मान्य करीत नाही. दोन डिस्कची किंमत ही गेलेली माहिती परत मिळविण्याच्या एका प्रयत्नापेक्षा कमीच असते, हे आम्ही अनुभवाने सांगतो.

या संदर्भात संघटनेस आमची एक सूचना आहे. घर व दवाखाना एकाच वास्तूत असणारे वैद्य आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांची 'अन्य वास्तू' कोणती? अशा वैद्यांनी परस्परांच्या कुलूपबंद डिस्क सांभाळाव्यात. बारामतीची डिस्क इंदापुरात, इंदापूरची बारामतीत. मासिक सभेत येताना ती आणावी, बदलून न्यावी. जुन्या काळी पोथ्या अशाच गावोगावी नकलून ठेवल्या जात, म्हणून आपले शास्त्र आज आपल्या हाती आहे.

शेवटी परीक्षेविषयी. जी प्रत उघडून पाहिली नाही, ती प्रत नव्हेच. सिद्ध औषधाचेही परीक्षण केल्यावाचून आपण ते रुग्णास देत नाही. येथेही तोच न्याय. आम्ही यासाठी एक सोपी खूण ठरविली आहे. हे त्रैमासिक हाती पडले की, त्याच दिवशी डिस्कवरील एखाद्या जुन्या रुग्णाची नोंद दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावयाची. वर्षातून चार वेळा, प्रत्येकी पंधरा मिनिटे. वाग्भटाने रोगानुत्पादनीय असा स्वतंत्र अध्याय लिहिला, कारण व्याधी होऊ न देणे हे तिच्या चिकित्सेहून श्रेयस्कर. वाचकांनी हा अंक खाली ठेवण्यापूर्वी एक नोंद उघडून पाहावी. ती उघडली तर समाधान मानावे. न उघडली, तर उपाय योजण्यास अद्याप वेळ आहे.