पहिल्या बैठकीतले प्रश्न

लग्नसराईच्या तोंडावर बडोद्यातली मंडळी डीजे ठरवायला येतात, तेव्हा पहिली चौकशी दराची असते, दुसरी ‘टॉप किती, बेस किती’ अशी. आपण डीजेही सामानाची यादी पुढे सरकवतो. माझं ठाम मत आहे की यजमानांनी डीजे पारखावा तो त्याने विचारलेल्या प्रश्नांवरून. म्हणून ते प्रश्न आधी आपल्या तोंडी बसायला हवेत.

पहिला प्रश्न गरब्याचा. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरात गुजराती सून किंवा जावई येणं आता नवलाचं नाही. अशा लग्नात आदल्या रात्री गरबा, दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं. सहा मात्रांच्या हींचमध्ये फेर रंगलेला असताना मध्येच आठ मात्रांच्या केरव्यातलं गाणं घुसवलं, तर टाळी आणि पाऊल दोन्ही चुकतं. आतल्या फेरातल्या काकू, मावश्या सगळ्यांत आधी बाहेर पडतात आणि सहसा परत येत नाहीत. लय हळूहळू चढवावी, ताल बदलायचा तर फेर थांबवून बदलावा. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ साली ज्या शहरात सुरू झाली, तिथल्या कानांना ही चूक लगेच कळते.

मंगलाष्टकांची जबाबदारी त्याहून नाजूक. गुरुजींचा माइक, आत्या-मामांच्या हातातून फिरणारा माइक आणि सनईचं ध्वनिमुद्रण, तिन्ही एकाच माणसाच्या हाताखाली. शेवटच्या ‘सावधान’ला अंतरपाट दूर होतो, त्याच क्षणी सनई लागली पाहिजे. एक कडवं आधी लागली तर मुहूर्ताचा विचका होतो. फिरता माइक स्पीकरसमोर गेला की शिट्टी ठरलेली. म्हणून मंगलाष्टकं कोणकोण म्हणणार, शेवटचं कोणाचं, हे आदल्या दिवशी लिहून घ्यावं. मंडपवाले खांबाआड टेबल देतात. ते घेऊ नका. अंतरपाट दिसेल अशीच जागा मागा.

वेळेचं बोलणंही पहिल्याच बैठकीत व्हावं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, म्हणजे पार्टी प्लॉटवर नाहीच. ‘पोलिसांचं आम्ही बघतो’ या शब्दावर कोणीही काम घेऊ नये. घरच्यांच्या आवडीची गाणी साडेनऊच्या आत वाजवून घ्यावीत. लग्नाच्या वरातीत आणि सोहळ्यांत वाजणाऱ्या गाण्यांना १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२ ची सूट आहे आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून ती स्पष्टही केली आहे. हे यजमानांना आपणच सांगावं.

आणि वीज. कन्सोल आणि लॅपटॉप यूपीएसवर ठेवा, पाहुणे येण्याआधी मेन स्विच स्वतः बंद करा आणि जनरेटरवर जाईपर्यंत गुरुजींचा माइक चालू राहतो का, ते स्वतःच्या कानांनी ऐका. एम्प्लिफायर बंद पडत असेल तर त्यालाही यूपीएस द्या.