प्लास्टिकचा मऊपणा आणि घरचा हिशेब

यंदा मला आलेल्या पत्रांत गृहिणींची पत्रे पुष्कळ होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींचा प्रश्न एकच होता : “प्लास्टिकमधून अन्नात विष उतरते म्हणतात, मग घरातले सगळे प्लास्टिकचे डबे टाकून द्यावेत की काय?” फराळाचे डबे भरण्याच्या दिवसांत तरी याचे उत्तर द्यावे, म्हणून हा प्रपंच.

ज्याची भीती बाळगायची त्याची आधी ओळख करून घेऊ. पीव्हीसी नावाचे प्लास्टिक मुळात कडक आणि ठिसूळ. कणीक तेल घालून मळली की पोळी मऊ होते; त्याचप्रमाणे या प्लास्टिकमध्ये एक तेलकट द्रव मिसळला की ते लवचीक होते. 1926 साली अमेरिकेत वॉल्डो सेमन या रसायनशास्त्रज्ञाला ही युक्ती सापडली. टेबलावरचे मऊ आच्छादन, रेनकोट, विजेच्या तारेवरचे वेष्टन ही सारी तिचीच प्रजा. असल्या द्रवांना प्लास्टिसायझर म्हणतात. त्यांत थॅलेटांचे घराणे मोठे, आणि डीईएचपी हा त्या घराण्यातला कर्ता पुरुष. स्वयंपाकघरातले कडक डबे मात्र बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यांना या तेलाची गरज लागत नाही. तेव्हा डबे फेकण्याची घाई नको.

अडचण अशी की, हा द्रव प्लास्टिकशी पक्का बांधलेला नसतो. तो हळूहळू निसटतो. उष्णता किंवा तेलातुपाची सोबत मिळाली तर अधिकच. अन्नातून, धुळीतून तो आपल्या पोटात येतो. त्याला वास जवळजवळ नाही आणि अन्नात तो डोळ्यांना दिसत नाही. रांगणारे मूल तर जमिनीवरची धूळ सरळ तोंडातच घालते.

मग किती पोटात गेला, हे कळावे कसे? शास्त्रज्ञ आपल्या घरच्या वहीसारखाच जमाखर्च मांडतात. जमेच्या बाजूला कोणत्या पदार्थात किती द्रव आहे आणि तो पदार्थ आपण किती खातो, याची बेरीज. खर्चाच्या बाजूला लघवी. कारण शरीर या द्रवाचे रूपांतर करून त्याचा बराचसा भाग एकदोन दिवसांत बाहेर टाकते. मूळ द्रव मोजायला जावे, तर प्रयोगशाळेतल्या उपकरणांतलाच थॅलेट नमुन्यात मिसळायचा! म्हणून 2000 साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी 289 प्रौढांच्या लघवीत शरीरानेच तयार केलेले रूपांतरित पदार्थ मोजले. त्यांतले काही बहुसंख्य लोकांत सापडले.

सापडले म्हणजे अपाय झाला, असे मात्र नव्हे. उंदरांवरील प्रयोगांत डीईएचपीमुळे नर पिलांच्या जननेंद्रियांना इजा होते, असे दिसले होते. वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे 5 मिलिग्रॅमपर्यंत तशी इजा दिसली नाही. उंदीर आणि माणूस यांतल्या फरकासाठी 10 ने, माणसामाणसांतल्या फरकासाठी पुन्हा 10 ने भागून युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने किलोमागे रोज 50 मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली. म्हणजे 60 किलोच्या बाईला रोज 3 मिलिग्रॅम, पण 10 किलोच्या बाळाला अवघे अर्धा मिलिग्रॅम! 2019 साली याच संस्थेने डीईएचपी आणि त्याचे तीन भाऊबंद मिळून हिशेब केला. युरोपातल्या लोकांच्या पोटात अन्नावाटे, जास्तीत जास्त धरूनही, मर्यादेच्या चौथ्या हिश्शापेक्षा कमीच जाते, असे निघाले. धूळ आणि प्रसाधने मात्र या आकड्यात नाहीत.

आता दोन गोष्टी सांगतो, दोन्ही अमेरिकेतल्या. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना तीन दिवस ताजे, प्लास्टिकचा स्पर्श शक्य तितका टाळलेले जेवण दिले. लघवीतले डीईएचपीचे अंश निम्म्याहून खाली आले. वाचून कोणालाही वाटेल की, उपाय सापडला!

सिअ‍ॅटलच्या संशोधकांनीही असाच बेत केला. 2013 साली निकाल छापून आला, तो विपरीत. ताजे, सेंद्रिय अन्न खाणाऱ्या कुटुंबांत डीईएचपीचे अंश जवळजवळ 25 पटींनी वाढले होते! तपास करता करता बोट टेकले ते दुधातुपाच्या पदार्थांवर आणि मसाल्यांवर. धनेपुडीच्या एका ग्रॅममध्ये तर 21 मायक्रोग्रॅमहून अधिक डीईएचपी निघाले. धन्याच्या दाण्याचा यात काय दोष? दळताना, भरताना, बांधताना हा पाहुणा कुठेतरी शिरतो. भाजणीत धने घालणाऱ्या आपण बायकापुरुषांनी घाबरून जाऊ नये. तो आकडा त्या नमुन्याचा आहे, सगळ्या धन्यांचा नव्हे.

पण त्या कुटुंबांनी काय चुकवले होते? काहीच नाही. म्हणूनच माझे म्हणणे असे की, घरी करता येईल तेवढे अवश्य करावे. गरम आणि तेलकट पदार्थ स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात ठेवावेत, फरशी ओल्या फडक्याने पुसावी, मुलांचे हात धुवावेत. खेळणे घेताना आयएसआय खूण पाहावी. भारतात 2021 पासून ती सक्तीची आहे आणि तिच्या कसोट्यांत थॅलेटची कसोटीही येते. मात्र एवढे करून गृहिणीच्या माथी सारी जबाबदारी मारू नये. जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजणे हे गिरणीवाल्याचे, कारखानदाराचे आणि सरकारी तपासनिसाचे काम आहे. घरातल्या बाईने जमाखर्च चोख ठेवला तरी, दुकानातून आलेल्या पुडीतला आकडा तिला कोणी सांगितल्याशिवाय तिची वही जुळायची कशी?