शब्दाचे मूळ आणि कूळ

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे लोकोक्ती सांगते. शब्दाच्या बाबतीत मात्र हा संकेत मोडल्यावाचून त्याची खरी ओळख पटत नाही. इंग्रजीच्या अध्यापनात तो फारच निष्ठेने पाळला जातो, हे दुर्दैव होय. एक इंग्रजी शब्द, त्यापुढे बरोबरीची खूण आणि खुणेपुढे एक मराठी शब्द, एवढ्यावर शब्दज्ञान आटोपते. मार्गदर्शक पुस्तकांची पानेच्या पाने अशा जोड्यांनी भरलेली असतात आणि परीक्षेपुरते काम त्यांवर भागतेही. भागत नाही ते परीक्षेनंतरचे.

‘चेक’ हा शब्द घ्यावा. ‘चेक म्हणजे तपासणे’ असे विद्यार्थी घोकतो. पुढे धरण पुराला ‘चेक’ करते, अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य समोर आले, की तो धरणाकडून पुराची तपासणी करवून मोकळा होतो. बँकेत वटतो तो चेक, कापडावर असतात ते चेक्स, ओढ्यावर बांधतात तो चेक डॅम, बुद्धिबळात राजाला मिळतो तो चेक. या साऱ्यांचा परस्परांशी संबंध काय, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. साहजिकच इंग्रजी ही एक लहरी भाषा असून पाठांतराखेरीज तिच्यात गत्यंतर नाही, अशी त्याची समजूत होते. वस्तुतः हे सारे अर्थ एकाच घरातले आहेत आणि ते घर मराठी माणसाला मुळीच अपरिचित नाही.

या शब्दाचा जन्म बुद्धिबळाच्या पटावर झाला. भारतातील चतुरंगाचा खेळ इराणात गेला तेव्हा पहलवी भाषेत त्याचे ‘चत्रंग’ झाले आणि अरबांनी त्याला ‘शतरंज’ म्हटले. फार्सीत राजाला ‘शाह’ म्हणतात. प्रतिपक्षाच्या राजावर मारा होताच ‘शाह’ असा पुकारा करून त्याला सावध करण्याची रीत होती. अरबांच्या मार्फत हा खेळ युरोपात पोचला, तेव्हा पुकाराही त्याच्याबरोबर गेला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्याचे ‘स्काकस’ झाले, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि इंग्लंडमध्ये नॉर्मन राजवटीबरोबर आलेल्या फ्रेंचच्या वाटेने तो ‘चेक’ होऊन इंग्रजीत स्थिरावला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून ‘चेस’ हे खेळाचे नाव निघाले. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’, अर्थात राजा निरुपाय झाला.

हाच पुकारा फार्सीतून मराठीतही आला. ‘शह देणे’, ‘शहाला काटशह’, ‘मात करणे’ हे प्रयोग पट कधी न पाहिलेला माणूसही सहज करतो. म्हणजे ‘शह’ आणि ‘चेक’ हे एकाच आईचे दोन मुलगे; एक पश्चिमेला गेला, दुसरा दक्षिणेला आला. फळ्यावर ‘चेक’ या शब्दापुढे ‘तपासणे’ऐवजी प्रथम ‘शह’ हा शब्द लिहिला, तर विद्यार्थ्याचे अर्धे काम तिथेच होते.

उरलेले अर्धे काम अर्थाची वाट शोधण्याचे. राजाला शह बसला, की खेळणाऱ्याचे मनसुबे जागच्या जागी थांबतात. अन्य सारे बेत बाजूस ठेवून आधी राजाला सोडवावे लागते. यातून ‘चेक’ला अकस्मात अडथळा, रोखणे, आवर घालणे हे अर्थ आले. चेक डॅम पाण्याची तपासणी करीत नाही. तो त्याच्या वेगाला आवर घालतो. राज्यशास्त्रात ज्याला ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ म्हणतात, त्यातील ‘चेक’ही हाच, एका सत्तेने दुसऱ्या सत्तेच्या अतिरेकाला दिलेला तो शह होय. गैरव्यवहाराला आवर घालायचा, तर हिशेब ताडून पाहावे लागतात. तेथून पडताळणे आणि तपासणे हे अर्थ निघाले. चुकीला वेळीच थांबविणे हाच तपासणीचा हेतू असल्याने मूळ अर्थाचा धागा इथेही तुटलेला नाही. कारकून आकड्यांसमोर बरोबरची खूण करतो तेव्हा तोही चुकीला एक लहानसा शहच देत असतो.

दुसरी शाखा पुकाऱ्यातून नव्हे, तर पटातून फुटली. बुद्धिबळाच्या पटाला लॅटिनमध्ये ‘स्काकारियम’ व जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ म्हणत. पटासारखे चौकोन असलेले कापड ते चेक्सचे कापड, हे उघडच आहे. इंग्लंडच्या सरकारी खजिन्यालाही ‘एक्सचेकर’ हे नाव या पटावरूनच मिळाले, ही गोष्ट मात्र फारशी परिचित नाही. बाराव्या शतकात प्रांतोप्रांतीचे शेरीफ वसुलीचा हिशेब देण्यास राजाच्या अधिकाऱ्यांपुढे येत. हिशेब रोमन आकड्यांत लिहिला जाई आणि त्या आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे असे. म्हणून सुमारे दहा फूट लांब व पाच फूट रुंद मेजावर आखलेले कापड अंथरून, रकान्यारकान्यांत सोंगट्या मांडून हिशेब केला जाई. दुसऱ्या हेन्रीचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने या पद्धतीचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. खजिनदार आणि शेरीफ यांची ही झुंज त्यालाही बुद्धिबळातल्या डावासारखीच वाटली होती. ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्सचेकर’, म्हणजे शब्दशः पटाचाच अधिकारी आहे.

बँकेच्या चेकमध्ये या दोन्ही शाखा पुन्हा एकत्र येतात. अठराव्या शतकात पैसे देण्याच्या हुकुमाच्या स्थळप्रतीला इंग्रजीत ‘चेक’ म्हणत. तिच्याशी ताडून पाहिले, की फसवणुकीला आळा बसे. पुढे हे नाव मूळ कागदालाच मिळाले. ‘एक्सचेकर’च्या प्रभावाने ब्रिटनमध्ये त्याचे स्पेलिंग बदलले, अमेरिकेत साधेच राहिले. भारताच्या १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने ब्रिटिश स्पेलिंग स्वीकारले. एकाच शब्दाची दोन स्पेलिंगे का, हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर या हकीगतीत आहे.

अर्थात, उच्चाराच्या साम्यावरून नाते ठरविण्याचा मोह आवरला पाहिजे. चेक प्रजासत्ताकातील ‘चेक’ नागरीत अगदी तसाच लिहिला जातो. पण ते एका स्लाव्ह समाजाचे नाव असून त्याचा शाहशी काही संबंध नाही. चौकशी करणे आणि चेक करणे यांचे अर्थ जवळचे व ध्वनी मिळतेजुळते, म्हणून तेही एकाच कुळातले मानणे चूक ठरेल. शब्दाचे कूळ पुराव्याने शोधायचे असते.

पुराव्याने शोध घेतला, की आपपराचे आग्रहही सैल होतात. फार्सी ‘शाह’चे प्राचीन रूप ज्या धातूपासून आले, तो धातू संस्कृतातील ‘क्षत्र’ व ‘क्षत्रिय’ या शब्दांमागील धातूचा सगोत्र आहे. मग ‘चेक’ परका म्हणावा की दूरचा आप्त? चेकला ‘धनादेश’ हा प्रतिशब्द योजण्यात गैर काही नाही. शिवकाळात राज्यव्यवहारकोश झाला, त्यामागे भाषेच्या अभिमानाइतकीच राज्यकारभाराची गरजही होती. परंतु ‘चेक वटला’ असे म्हणताना मराठी माणसाने हुंडीच्या व्यवहारातले आपले जुने क्रियापद या परक्या नामाला जोडून दिले, हेही भाषेचे सामर्थ्यच आहे. प्रतिशब्द घडविणारी भाषा जशी जिवंत असते, तशीच आलेल्या शब्दाला आपल्या व्याकरणात नांदविणारी भाषाही जिवंत असते.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. वर्षे वाढली, पण शब्द शिकविण्याची रीत जोड्या लावण्याचीच राहिली, तर वाढली ती केवळ पाठांतराची वर्षे, असे म्हणावे लागेल. प्रत्येक शब्दाची कुळकथा वर्गात सांगणे शक्य नाही आणि त्याची गरजही नाही. आठवड्यातून एक शब्द घ्यावा, त्याचे निरनिराळे अर्थ फळ्यावर मांडावेत, मूळ अर्थ कोणता आणि त्यातून बाकीचे कसे निघाले, हे मुलांनाच शोधू द्यावे, आणि वर्गात निदान एक चांगला शब्दकोश हाताशी असावा. एवढ्यासाठी नव्या अभ्यासक्रमाची वाट पाहावी लागत नाही. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला इंग्रजीचे भय वाटते, याचे मोठे कारण म्हणजे आपली भाषा त्या वाटेवर निरुपयोगी आहे, असा त्याचा झालेला समज. ‘शह’ ठाऊक असलेल्या मुलाला ‘चेक’ची भीती वाटण्याचे कारण नाही. ही गोष्ट त्याला सांगण्याचे काम शिक्षकाचे आहे.