घरातल्या ऑफिसचं भाडं

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरचा संगणक आजही बऱ्याचदा ओळखीच्या दुकानातूनच येतो. दुकानदार यंत्र सुरू करून दाखवतो आणि जाता जाता सांगतो, "अंकल, ऑफिस भी डाल दिया है." त्याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही, पावतीवर उल्लेख नसतो आणि ही चोरीची प्रत आहे हे घरात कोणाच्या मनातही येत नाही. पुढे कधीतरी पडद्यावर इशाऱ्याची पट्टी येऊ लागते, तेव्हा प्रश्न उभा राहतो. रीतसर पैसे भरावेत का?

भरायचे झाले तर रक्कम लहान नाही. ऑफिस आता वर्गणीवर मिळतं ते मायक्रोसॉफ्ट 365 या नावाने. त्याची एका माणसाची वार्षिक वर्गणी 2025 च्या सुरुवातीला 4,899 रुपयांवरून 6,899 रुपये झाली. कुटुंबाची योजना 6,199 वरून 8,199 वर गेली. कारण दिलं गेलं ते कोपायलट या एआय मदतनिसाचं, मग तो तुम्ही मागितलेला असो वा नसो. ऑस्ट्रेलियात याच दरवाढीवरून तिथल्या ग्राहक नियामकाने ऑक्टोबर 2025 मध्ये कंपनीविरुद्ध खटला भरला. कोपायलटविना जुन्याच दराची 'क्लासिक' योजना उपलब्ध होती, पण वर्गणी रद्द करायला निघाल्याशिवाय ती दिसत नव्हती, आणि सुमारे 27 लाख ग्राहकांची अशी दिशाभूल झाली, असा नियामकाचा आरोप होता. पुढे कंपनीने तिथल्या ग्राहकांची माफी मागून परतावा देऊ केला.

आजच्या दराने पाच वर्षांचे 34,495 रुपये होतात. एवढे भरूनही सहाव्या वर्षी हातात काही उरत नाही. वर्गणी थांबली की संगणकावरच्या वर्डमध्ये फाइल उघडते, छापताही येते, पण तिच्यात एक शब्द बदलता येत नाही.

म्हणूनच बहुतेक घरांनी हे भाडं भरू नये. चोरीची प्रतही ठेवू नये, कारण तिची गरजच उरलेली नाही. लिब्रेऑफिस हे तशाच कामांचं सॉफ्टवेअर 2010 पासून मोफत मिळतं, इंटरनेटशिवाय चालतं आणि त्याचे मेनू मराठीतही दिसतात. लग्नाची आमंत्रण यादी, सोसायटीचा जमाखर्च, शिकवणीच्या फीचा तक्ता, बँकेला द्यायचा अर्ज ही घरातली कामं त्यात आरामात होतात. मध्य प्रदेशात सरकारी नोकरीसाठी सीपीसीटी देणाऱ्या मुलांना वाटतं, घरी अस्सल वर्ड हवंच. पण त्या परीक्षेतलं हिंदी टायपिंग रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्ट कळफलकावर होतं आणि बोटांना वळण लावायला कुठलाही साधा एडिटर पुरतो. एमएस ऑफिसवर येणाऱ्या प्रश्नांसाठी ब्राउझरमधलं मोफत वर्ड आणि एक्सेल आहेच.

खरी अडचण देवाणघेवाणीत येते. पुण्याच्या प्रकाशकाकडून वर्डमध्ये दुरुस्त्या होऊन आलेलं हस्तलिखित लिब्रेऑफिसमध्ये उघडलं, तर दुरुस्त्या दिसतात, पण तक्ता पानाखाली घसरतो, अनुक्रमांक बदलतात. सीएच्या कचेरीतून मॅक्रो घातलेली एक्सेलची फाइल आली, तर ती चालेलच असं नाही. ज्याची कमाई अशा फायलींवर आहे त्याने वर्गणी जरूर भरावी आणि ती धंद्याच्या खर्चात धरावी. जीवाजी विद्यापीठात प्रबंध सादर करणाऱ्याने शेवटचे दोन-तीन महिने मासिक वर्गणी घेतली तरी भागतं. मुलगा पुण्यात, मुलगी इंदुरात, आई-वडील ग्वाल्हेरला, अशा घराला कुटुंबाची योजनाही परवडू शकते, कारण सहा जणांत माणशी सुमारे 1,367 रुपये पडतात आणि प्रत्येकाला वनड्राइव्हवर, म्हणजे कंपनीच्या ऑनलाइन साठ्यात, एक टीबी जागा मिळते. मात्र ज्या कोपायलटच्या नावाने दर वाढला, तो त्या सहांपैकी फक्त वर्गणीदारालाच वापरता येतो. तेव्हा सहाही जणांना त्या जागेची गरज आहे का, हे आधी पाहावं.

पैशांपेक्षाही मोठी गोष्ट ताब्याची आहे. जुलै 2025 मध्ये युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर नायरा एनर्जी या भारतीय तेल कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक बंद झाल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाल्या. वाडीनारची मोठी रिफायनरी चालवणाऱ्यांना कोर्ट गाठता आलं, लष्कर भागातल्या निवृत्त शिक्षकाला ते जमणार नाही.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला तर हे अधिक जवळून कळायला हवं. या शहरात मराठी साहित्य संमेलन दोनदा भरलं, 1928 मध्ये आणि 1961 मध्ये. दुसऱ्याच्या अध्यक्षपदी कुसुमावती देशपांडे होत्या, संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्या वेळची एखादी पत्रिका आज जुन्या ट्रंकेत सापडली, तर कोणाच्या परवानगीशिवाय वाचता येईल. पण वीसेक वर्षांपूर्वी कृतिदेव फाँटमध्ये टाइप केलेलं एखाद्या मंडळाचं इतिवृत्त उघडून पाहावं. संगणकाने आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं, त्यांना देवनागरीचा आकार देतो तो फाँट. तो नसेल तर पडद्यावर नुसती निरर्थक अक्षरांची रांग दिसते. असे कागद आधी युनिकोडमध्ये आणून घ्यावेत, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येतील, शोधता येतील. मग ते ओडीटी स्वरूपात ठेवावेत. ओडीटी ज्यात मोडतं ते ओपन डॉक्युमेंट 2006 पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि ते कोणा एका कंपनीचं नाही. बाहेर पाठवायची प्रत पीडीएफ करून द्यावी.

घरात आधीच वर्गणी चालू असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे आपोआप पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना येते. एवढ्या अवधीत घाईचा निर्णय होतो, म्हणून नूतनीकरणाची तारीख महिनाभर आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवावी. तो महिना घरातल्यांनी सगळी कामं लिब्रेऑफिसमध्ये करून पाहावीत आणि जे अडेल ते टिपून ठेवावं. काहीच अडलं नाही, तर वर्गणी रद्द करण्याआधी वनड्राइव्हवरचे फोटो आणि फायली घरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात, कारण त्यानंतर मोफत जागा उरते ती फक्त 5 जीबी.